अर्धवट राहिलेलं विमान आणि "आता वय झालं"

आपण इथे नेहमी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवर बोलतो. आज एका छंदावर बोलू या: लढाऊ विमानांची छोटी मॉडेल बनवण्याच्या छंदावर. तुम्हाला हा छंद नसला तरी वाचा. भरतकाम, रांगोळी, घड्याळदुरुस्ती, पेटी, तबला, जे काही तुमच्या हातात असेल ते विमानाच्या जागी ठेवा. सांगायचं आहे ते बदलणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पन्नाशी-साठीतला माणूस वर्षानुवर्षं जोपासलेलं हातकाम सोडतो, अर्धवट काम माळ्यावर टाकतो आणि कोणी विचारलं तर "आता वय झालं" म्हणतो. घरच्यांनाही ते पटतं. मला पटत नाही. वय हे निदान नव्हे. छंद का सुटला याचं उत्तर पुष्कळदा डोळ्यात, नसेत, रक्तात, मनात किंवा औषधांच्या पिशवीत सापडतं आणि त्यातलं बरंचसं बरं करता येतं.

हा छंद आपल्याला परका नाही

कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की नेवाळी येतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. त्या जमिनींचं दुखणं जुनं आहे. जून २०१७ मधलं आंदोलन तुम्हाला आठवत असेल. शेजारचं उल्हासनगर म्हणजे मुळात युद्धकाळातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले, १९४९ मध्ये गावाला नवं नाव मिळालं, तरी रिक्षात बसल्यावर आपण आजही "कॅम्प नंबर चार" असंच सांगतो. थोडक्यात, ते युद्ध आपल्या रोजच्या रस्त्यावर खुणा ठेवून गेलं आहे.

त्याच युद्धात भारतीय हवाई दलाचे वैमानिक हॉकर हरिकेन हे लढाऊ विमान चालवत होते. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत नंबर १ स्क्वाड्रनची हरिकेन उडत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते. त्याच पिढीतले, १९४० मध्ये हवाई दलात आलेले आपले हृषीकेश मूळगावकर १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख झाले.

आता हे हरिकेन टेबलावर कसं येतं ते पाहू. मॉडेलचं एक प्रचलित प्रमाण आहे १:७२. म्हणजे खरी वस्तू ७२ पट लहान करायची. सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हरिकेनचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १२.२ मीटर, मॉडेलमध्ये ते १७ सेंटिमीटरच्या आसपास येतात. वैमानिकाच्या बसायच्या जागेतलं घड्याळांचं पॅनेल नखाएवढं. भाग चौकटीतून कापायचे, कडा घासायच्या, चिमट्याने धरून चिकटवायचे, सुकू द्यायचे. मग वरून गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगाचे पट्टे, खालून करडा रंग. शेवटी पंखांवरची गोल निशाणी. इथे एक मजेदार गोष्ट आहे. ब्रिटिश निशाणीत मध्ये लाल ठिपका असे. पण जपानी विमानांवरही लाल गोळा असल्याने घाईत आपलंच विमान शत्रूचं समजून पाडलं जाण्याची भीती होती. म्हणून पूर्वेच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका ठेवला. हे दोन निळे रंग लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दोन मिनिटांची तपासणी आणि दोन तासांची

दवाखान्यात मी तुम्हाला हात पुढे करायला सांगतो, बोटं नाकाला लावायला सांगतो, तक्ता वाचायला सांगतो. सगळं मिळून दोन-चार मिनिटं. मॉडेल करणारा माणूस त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, तेच काम दोन-दोन तास करतो आणि तेही दहा-वीस वर्षं. काल जमत होतं ते आज जमत नाही, हे त्याला माझ्या आधी कळतं. अडचण इतकीच, की कळलेलं तो मला सांगायला येत नाही. तो खोका बंद करतो.

म्हणून काय बिघडतंय ते नीट ओळखा. "जमत नाही" हे पुरेसं नाही. नेमकं काय जमत नाही?

दिसत नाही म्हणून

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग लवचीक राहत नाही, त्यामुळे जवळचं धूसर होतं. हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते हे: वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो, पण मॉडेल तुम्ही २५ सेंटिमीटरवर धरता. त्या अंतराला जास्त नंबर लागतो. चष्मा बरोबर असूनही काम दिसत नाही, याचं कारण एवढंच असू शकतं. डोळे तपासायला जाताना कामाचं अंतर पट्टीने मोजून न्या आणि तसं सांगा. शिवाय वय वाढतं तसा डोळ्याच्या पडद्यापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो; विशीत पुरलेली ट्यूबलाइट साठीत पुरणार नाही. हातावर थेट पडणारा दिवा घ्या.

आता ते दोन निळे. मोतीबिंदू वाढताना भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. गडद निळा काळ्यासारखा दिसू लागतो, फिकट निळा मळका पांढरा. "या कंपनीचा रंग आता पूर्वीसारखा येत नाही," असं वाटू लागलं तर बाटलीआधी डोळा तपासा. ऑपरेशननंतर कित्येक जण म्हणतात, "डॉक्टर, सगळं निळं-निळं दिसतंय." निळं तेव्हाही होतं, भिंग ते येऊ देत नव्हतं.

आणि एक गोष्ट लांबवायची नाही. पंखावरची सरळ रेघ मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसली, किंवा बघाल तिथे मधोमध डाग दिसला, तर तो पडद्याचा आजार असू शकतो. एकेक डोळा झाकून पाहा, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचं उणं झाकतो. मधुमेह असेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा.

हात थरथरतो म्हणून

थोडी थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. ब्रशचं टोक ती मोठी करून दाखवतं, इतकंच. जास्त चहा-कॉफी, अपुरी झोप, काळजी, दम्याचा पंप, वाढलेलं थायरॉइड, मधुमेहाच्या गोळीनंतर उतरलेली साखर, यांपैकी कशानेही ती वाढते. जेवणाची वेळ टळल्यावर हात थरथरला, घाम आला, छातीत धडधडलं तर ब्रश ठेवा आणि साखर तपासा. लगेच तपासता येत नसेल तर आधी साखर किंवा ग्लुकोज खा.

याहून वेगळे दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात हात काम करताना थरथरतो: ब्रश टेकवताना, कपबशी उचलताना, सही करताना. बहुधा दोन्ही हात, आणि अनेकदा वडिलांना किंवा काकांनाही तसंच असतं. हा त्रासदायक असला तरी पार्किन्सन्स नव्हे, आणि त्यावर औषधं आहेत. दुसऱ्यात हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि काम करायला घेतला की काहीसा थांबतो. सुरुवात एका बाजूला होते. त्यासोबत सगळंच संथ होतं, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही. मॉडेल करणाऱ्याला थरथर जाणवणारही नाही. "पूर्वी एका बैठकीत होणारं काम आता चार दिवस पुरतं," एवढंच जाणवेल. असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं.

इथे औषधांची पिशवी उघडायलाच हवी. चक्कर येते म्हणून घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, अॅसिडिटीच्या काही संयुक्त गोळ्यांमधली लेव्होसल्पिराइड, या औषधांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, विशेषतः उतारवयात आणि महिनोन्महिने घेतल्यावर. आपल्याकडे पाच दिवसांसाठी दिलेली गोळी जुनी चिठ्ठी दाखवून दोन वर्षं घेतली जाते. बहुतेक वेळा औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हात सुधारतो. पण कुठलंही औषध परस्पर थांबवू नका. पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे या.

हातातून भाग सुटतात म्हणून

अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होतं, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं: ही मनगटातली नस दाबली गेल्याची खूण. चिमटा हातातून निसटतो तो यामुळे. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांमध्ये हे जास्त दिसतं. वेळेत आलात तर रात्री मनगटाला पट्टा बांधून आणि मूळ आजारावर उपचार करून पुष्कळांचं भागतं. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकल्यावर आलात तर हाताची गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. बोट वाकवल्यावर अडकून "टक" करून सुटणं, सकाळी अर्धा-एक तास बोटं आखडलेली राहणं, हीसुद्धा दाखवण्याची कारणं आहेत.

आणि हे मात्र वेगळं: एक हात अचानक, मिनिटाभरात, लुळा किंवा बेढब झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका समजा. थोडं पडून बघू, सकाळी बघू, असं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. १०८ ला फोन करा. कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी धरूनच वेळ मोजा. रात्री सीटी स्कॅन होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच घरात लिहून ठेवा.

मन लागत नाही म्हणून

कधी डोळा ठीक असतो, हात ठीक असतो, पण खोका उघडावासाच वाटत नाही. निवृत्तीनंतर भरपूर वेळ मिळेल, मग वीस विमानं करीन, असं ठरवलेलं असतं. वेळ मिळतो आणि एकही होत नाही. आवडत्या गोष्टीत रस न उरणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे उदास वाटणं, पण ते दर वेळी असतंच असं नाही. आपल्याकडचे पुरुष तर "उदास वाटतं" असं क्वचितच म्हणतात. ते झोप येत नाही, अंग दुखतं, भूक नाही असं म्हणतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं तर त्याला आळस म्हणू नका. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं.

आणखी एक प्रकार असा, की सूचनांचा कागद समोर असूनही पुढची पायरी कळत नाही. आधी चाकं की आधी पंख, याचा गोंधळ होतो. तोच भाग दोनदा शोधला जातो. हे नवीन असेल तर स्मरणशक्तीची तपासणी करा. थायरॉइड आणि बी-१२ बघा. शाकाहारी लोकांमध्ये आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी झालेलं आम्हाला वारंवार दिसतं, आणि ती कमतरता भरून काढता येते.

मग छंदाने विस्मरण टळतं का?

व्हॉट्सअॅपवर तुम्ही वाचलं असेल, की छंद जोपासा, डिमेन्शिया होणार नाही. मी इतकं ठाम बोलणार नाही. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात आठ हजारांहून अधिक लोकांकडे बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्याचे या विषयावरचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीत ज्यांना जास्त छंद होते त्यांना पुढे डिमेन्शिया कमी झाला, असं त्यात दिसलं नाही. मात्र ज्यांचे छंद काळाबरोबर कमी होत गेले, त्यांच्यात डिमेन्शिया जास्त आढळला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. छंद सोडला म्हणून आजार झाला, असा तो नाही. आजार आतून सुरू झालेला होता म्हणून छंद सुटू लागला, ही शक्यता मोठी आहे. म्हणूनच सुटणाऱ्या छंदाकडे मी खूण म्हणून बघतो. आणि ज्याचा सुटला त्याला लगेच डिमेन्शियाची धास्तीही नको. वर सांगितलेली साधी कारणं कितीतरी जास्त आढळतात.

मग छंद करायचा कशासाठी? आनंदासाठी. तेवढं कारण पुरे आहे. रंग सुकेपर्यंत थांबावं लागतं, मोबाइल बाजूला ठेवावा लागतो, आणि लोकलमध्ये दिवसभर धक्के खाल्लेल्या माणसाला एका कोपऱ्यात स्वतःच्या गतीने काहीतरी पूर्ण करता येतं. हे मी चिठ्ठीवर लिहीत नाही, पण बोलताना आवर्जून सांगतो.

पण खिडकी उघडी ठेवा

मॉडेलच्या गोंदात आणि थिनरमध्ये उडून जाणारी रसायनं असतात. वन-बीएचकेमध्ये एसी लावून, दार बंद करून ती वापरली तर डोकेदुखी, मळमळ, दम्याचा झटका येऊ शकतो. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नाही. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग वापरले तर त्रास बराच कमी होतो, पण फवारा मारताना मास्क आणि उघडी खिडकी तेव्हाही हवीच. घासताना ओला पॉलिश पेपर वापरा, धूळ उडत नाही.

थिनर पेट घेतं. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून ते लांब ठेवा. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर स्प्रे घरात मारूच नका. इन्स्टंट गोंद डोळ्यात गेला तर पापण्या ओढून सोडवू नका; पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर ब्लेडची लहान जखमसुद्धा धुऊन झाका आणि रोज बघा. आणि दर अर्ध्या तासाने उठा. मान आणि कंबर छंद आणि ऑफिस असा फरक करत नाहीत.

घरच्यांना दोन शब्द

"या वयात खेळणी कसली खेळता?" असं म्हणू नका. ते टेबल जागा अडवतं, मान्य आहे. पण बाबा तीन महिने त्या टेबलाकडे फिरकले नाहीत, काकूंची सुई-दोऱ्याची पिशवी कोपऱ्यात पडून आहे, हे तुमच्याच आधी लक्षात येईल. तेव्हा "बरं झालं, पसारा गेला" असं न म्हणता विचारा: का थांबलात? दिसत नाही, हात ऐकत नाही, की मन लागत नाही? या तीन उत्तरांवर आम्हा डॉक्टरांचं निम्मं काम होऊन जातं.

आणि तुम्ही स्वतः येणार असाल तर एका कागदावर लिहून आणा: कधीपासून, कोणता हात, कोणता डोळा, कोणती पायरी अडते, चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर घेतलेलीही. जमल्यास ते अर्धवट विमानही पिशवीतून आणा. कुठे थांबलात ते समोर ठेवून बोलणं दोघांनाही सोपं जाईल.